नोड कुणाचा, एलियस कुणाचा: दूरच्या डेटाबेसला पहिल्यांदा जोडताना

सोमवारी सकाळी साडेदहाला फोन आला. बाहेर पाऊस असा, की पत्र्यावरच्या आवाजात पलीकडचं बोलणं अर्धं बुडत होतं.

"सर, खातेला कनेक्ट होत नाहीये."

"कुठल्या खातेला?"

"कुठल्या म्हणजे? डेटाबेसचं नावच खाते आहे ना."

"आपल्याकडे चार खाते आहेत. रत्नागिरीचं, चिपळूणचं, गुहागरचं आणि वाडीचं."

थोडा वेळ नुसता पाऊस. मग म्हणाली, "पण मग त्याला कळायला नको का, मला कुठलं हवंय ते?"

मुलगी हुशार आहे. लांज्याची, नुकतीच आमच्याकडे लागलेली. एसक्यूएल चांगलं लिहिते. पण कॉलेजात डेटाबेस आपल्याच लॅपटॉपवर असायचा, त्यामुळे नाव घेतलं की तो हजर. आम्ही काम करतो ते एका पतसंस्थेच्या शाखांचं. प्रत्येक शाखेत वेगळा सर्व्हर, त्यावर आयबीएमचा डीबीटू, आणि सगळीकडे सॉफ्टवेअर एकाच पद्धतीने बसवल्यामुळे प्रत्येक सर्व्हरवरच्या डेटाबेसचं नाव एकच: खाते. तिला त्या दिवशी फोनवर जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतोय. कमांडही फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

चार नावं, दोन वह्या

मुंबईत कुणी "खेडला जायचंय" म्हणालं, तर आमच्याकडचा माणूस त्याला कोकण रेल्वेत बसवेल. पुण्याकडचा माणूस राजगुरुनगरच्या एसटीत बसवेल, कारण तिकडचं खेड तेच. नाव एक, गावं दोन. चुकीच्या खेडात उतरलेल्या माणसाला गावाचं नाव बरोबर सांगूनही काही उपयोग होत नाही. कुठलं खेड, हेही सांगावं लागतं. दूरच्या डेटाबेसचं नेमकं हेच आहे.

कनेक्शन जोडताना चार नावं मध्ये येतात, आणि नवशिक्यांचा सगळा गोंधळ ही चार एकमेकांत मिसळल्याने होतो. पहिलं होस्टचं नाव किंवा आयपी पत्ता, म्हणजे ते यंत्र नेटवर्कवर कुठे सापडेल ते. त्याला पोर्टचा आकडा जोडलेला असतो, म्हणजे त्या यंत्राचं कुठलं दार वाजवायचं तो. दुसरं डेटाबेसचं नाव, जे सर्व्हरवर ठरलेलं असतं. ही दोन तिकडची. तिसरं नोडचं नाव आणि चौथं एलियस. ही दोन तुमची, तुमच्या यंत्रावर तुम्ही ठेवलेली. सर्व्हरला ती माहीतही नसतात.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. नोडचं नाव म्हणजे सर्व्हरचं नाव असं बरेच जण धरून चालतात आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून विचारतात, "तुमच्या नोडचं नाव काय?" त्या बिचाऱ्याला काय माहीत. तुमच्या मोबाईलमध्ये "आंबेवाले देवगड" असा नंबर सेव्ह आहे. त्या माणसाला तुम्ही त्याला काय नावाने सेव्ह केलंय हे ठाऊक नाही, आणि शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये तोच माणूस "काका हापूस" असेल. फोन दोघांचाही त्यालाच लागतो. नोड आणि एलियस ही अशी सेव्ह केलेली नावं आहेत.

डीबीटू ती दोन वेगळ्या वह्यांत ठेवतो. नोड डिरेक्टरी ही पत्त्यांची वही: या नावाचा नोड म्हणजे अमुक होस्ट, अमुक पोर्ट. डेटाबेस डिरेक्टरी ही डेटाबेसांची वही: या एलियसने हाक मारली की अमुक नोडवरचा अमुक डेटाबेस. पहिल्या वहीत डेटाबेसचा उल्लेख नाही, दुसऱ्या वहीत पत्ता नाही. दोघींना जोडणारा धागा एकच, नोडचं नाव.

एकच वही का नाही, हा प्रश्न तिनेही विचारला. एका सर्व्हरवर पाच डेटाबेस असू शकतात. पत्ता पाच वेळा लिहिला आणि उद्या तो बदलला, तर पाच ठिकाणी खाडाखोड. त्यापेक्षा पत्ता एकदाच लिहा आणि पाची नोंदींनी त्याच्याकडे बोट दाखवा. म्हणूनच प्रत्येक डेटाबेससाठी वेगळा नोड करत बसू नका. एक होस्ट आणि एक पोर्ट, म्हणजे तिकडचा एक इन्स्टन्स (त्या यंत्रावर स्वतंत्र चालणारा एक डीबीटू), त्याला तुमच्याकडे एक नोड.

आधी तिकडून काय मागून घ्यायचं

कीबोर्डला हात लावण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: होस्ट किंवा आयपी, पोर्ट, सर्व्हरवरचं डेटाबेसचं नाव, आणि तिथला युजर व पासवर्ड.

पोर्टच्या बाबतीत "पन्नास हजारच असणार" असं धरून चालू नका. लिनक्सवर बसवताना बहुधा ५०००० असतो खरा, पण त्याच यंत्रावर दुसरा इन्स्टन्स असेल तर त्याचा आकडा वेगळा. सर्व्हरवर बसलेल्या माणसाला ही कमांड चालवायला सांगा:

डीबीटू गेट डीबीएम सीएफजी

लांबलचक यादी येते. त्यात "एसव्हीसीईनेम" असं लिहिलेली ओळ शोधायची. तिथे आकडा असेल तर तोच पोर्ट. एखादं नाव असेल, तर ते नाव त्या यंत्राच्या "सर्व्हिसेस" नावाच्या फाइलमध्ये शोधायचं, आकडा तिथे सापडतो. ती ओळ रिकामीच असेल, किंवा "डीबीटूकॉम" या सेटिंगमध्ये टीसीपीआयपी लिहिलेलं नसेल, तर तो सर्व्हर बाहेरून कुणाशीच बोलत नाहीये. तुमच्याकडे कितीही नोंदी केल्या तरी उपयोग नाही.

मग आपल्या यंत्रावरून दार उघडं आहे का ते बघा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये "टेस्ट-नेटकनेक्शन" ही कमांड होस्ट आणि पोर्ट देऊन चालवता येते. टेलनेट असेल तर त्यानेही जमतं. नुसतं पिंग करून समाधान मानू नका. पिंगने एवढंच कळतं की घरात कुणीतरी आहे. तुम्हाला हवं ते दार उघडं आहे का, हे त्यातून कळत नाही.

नोडची नोंद

विंडोजवर असाल तर साध्या काळ्या खिडकीत नाही, डीबीटूची स्वतःची कमांड विंडो उघडा. साध्या खिडकीत "कमांड लाइन एन्व्हायर्नमेंट नॉट इनिशिअलाइज्ड" असं उत्तर येतं आणि नवखा माणूस पहिल्याच पायरीवर हिरमुसतो. मग:

डीबीटू कॅटलॉग टीसीपीआयपी नोड गुहागर रिमोट १९२.१६८.२०.१० सर्व्हर ५००००

"रिमोट"नंतर तिकडचा पत्ता, "सर्व्हर"नंतर पोर्ट. हा "सर्व्हर" शब्द फसवा आहे. तिथे सर्व्हरचं नाव टाकायचं असं वाटतं, आणि लोक टाकतातही. तिथे पोर्टचा आकडा जातो, किंवा तुमच्या यंत्राच्या सर्व्हिसेस फाइलमध्ये त्या पोर्टला दिलेलं नाव.

नोडच्या नावाला मर्यादा आठ अक्षरांची, आणि ही अक्षरं रोमन. इथे कोकणातली निम्मी गावं अडतात. गुहागर सात, चिपळूण सात, मालवण सहा. वेंगुर्ला बरोबर आठात बसतं. रत्नागिरी मात्र नऊ होतं, एका अक्षराने बाहेर. सावंतवाडी तर दहा. रत्नागिरीचं आम्ही "रत्ना" केलं. सावंतवाडीला डोकं चालवावंच लागलं नाही, तिकडचे लोक मुळात "वाडी" एवढंच म्हणतात. नाव अक्षराने सुरू करा, पुढे अक्षरं नि आकडे एवढंच ठेवा. मोकळ्या जागा, आडव्या रेघा, चिन्हं यांच्या वाटेला जाऊ नका. लहान लिपीत लिहिलंत तरी डीबीटू ते मोठ्या लिपीत करून ठेवतो, त्याने घाबरू नका.

आयपीऐवजी होस्टचं नाव चालतं. तुमच्याकडे नावांचा बंदोबस्त नीट असेल, तर मी नावच वापरा म्हणेन. आकडे बदलतात.

कमांड झाली की "यशस्वी" असं उत्तर येतं. त्या उत्तरावर भाळू नका. डीबीटूने फक्त वहीत ओळ लिहिली. तो पत्ता खरा आहे का, तिथे कुणी राहतं का, हे त्याने पाहिलेलं नाही. तुम्ही पत्ता म्हणून भाऊच्या धक्क्याचा लिहिला असता तरी त्याने "यशस्वी"च म्हटलं असतं.

आणखी एक: या नोंदी करायला तुमच्या यंत्रावर सिस्टिम अॅडमिन किंवा कंट्रोलचा अधिकार लागतो. "कॅटलॉग नोऑथ" हे सेटिंग होकारार्थी असेल तर लागत नाही. अधिकार नाही असं उत्तर आलं, तर चूक शोधत बसू नका, ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला बोलवा.

डेटाबेसची नोंद, आणि माझी वाडीची गोष्ट

डीबीटू कॅटलॉग डेटाबेस खाते अॅज खातेगुह अॅट नोड गुहागर

वाचायची अशी: तिकडे ज्याला "खाते" म्हणतात, त्याला मी इथे "खातेगुह" म्हणेन, आणि तो "गुहागर" नावाच्या नोडवर सापडेल. एलियसलाही आठच अक्षरं. "खाते"ची रोमनमध्ये पाच होतात, उरली तीन. त्यात गावाची तीन अक्षरं घातली: खातेचि, खातेगुह, खातेवाड. सुंदर दिसत नाहीत, पण बघताक्षणी कळतात.

"अॅज" आणि पुढचं नाव गाळलं तरी कमांड चालते. मग डेटाबेसचं मूळ नाव हेच एलियस होतं. एकच डेटाबेस असणाऱ्याला ते ठीक. दुसरा "खाते" त्याच यंत्रावर नोंदवायला गेलात की एसक्यूएल १००५ येतं, या नावाचा एलियस आधीच आहे म्हणून. एका यंत्रावर डेटाबेसचं नाव दहादा येऊ शकतं, एलियस मात्र एकदाच.

आता माझी गोष्ट, मी नवीन होतो तेव्हाची. वाडीची शाखा मी आधी जोडली आणि कंटाळून "अॅज" गाळलं. त्यामुळे माझ्या यंत्रावर "खाते" म्हणजे वाडी. रत्नागिरी नंतर वेगळ्या एलियसने जोडली. महिन्याभराने ठेवींच्या व्याजदराचा तक्ता रत्नागिरीत बदलायचा होता. मी सवयीने लिहिलं, कनेक्ट टू खाते. अपडेट चालवला, ओळी बदलल्याचं उत्तर आलं, चहा प्यायलो. संध्याकाळी वाडीच्या मॅनेजरांचा फोन: "अहो, आमचे दर कुणी बदलले?" कमांड लाइनवर ऑटोकमिट मुळातच चालू असतो, म्हणजे प्रत्येक वाक्य झाल्या झाल्या पक्कं होतं. मागे फिरायची सोय नाही. जुने दर त्यांच्या फलकावरून फोनवर वाचून घेतले आणि एकेक हाताने भरले. त्यानंतर माझ्या कुठल्याही यंत्रावर "खाते" नावाचा एलियस नाही. कुणी चुकून ते नाव टाकलं तर कनेक्शन होऊच नये, अशी माझी इच्छा आहे.

म्हणून सोमवारी त्या मुलीला कनेक्ट झालं नाही, हे मला बरंच वाटलं.

दोन्ही कमांडच्या शेवटी "विथ" लिहून अवतरणचिन्हांत शेरा जोडता येतो, तीस अक्षरांपर्यंत. जोडत जा. आठ अक्षरांच्या नावाने जे सांगता येत नाही ते तिथे लिहा: चालू की चाचणीचा, कुणाला विचारायचं.

टर्मिनेट

नोंदी केल्यावर डीबीटू स्वतःच बजावतो, की बदल लगेच दिसतीलच असं नाही. वही दर वेळी उघडायला नको म्हणून तो तिची नक्कल मनात धरून ठेवतो. ती पुसायला:

डीबीटू टर्मिनेट

नाव दचकवणारं आहे. याने सर्व्हर बंद पडत नाही, फक्त तुमच्या कमांड लाइनची मागची प्रक्रिया संपते आणि पुढच्या कमांडला नवी सुरू होते. तुमच्या यंत्रावर आधीपासून चालू असलेला दुसरा प्रोग्रॅम मात्र जुनीच नक्कल धरून बसतो. तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

मग जोडून बघा:

डीबीटू कनेक्ट टू खातेगुह युजर अमुक

पासवर्ड त्याच ओळीत लिहू नका. गाळलात तर तो विचारतो, आणि टाइप करताना पडद्यावर दिसत नाही. जोडलं गेलं की तीन ओळी येतात: सर्व्हर कुठल्या जातीचा, युजर कोण, आणि "लोकल डेटाबेस एलियस". शेवटची ओळ वाचायची सवय लावा. वाडीच्या दिवशी तिथे "खाते" असंच आलं होतं, म्हणून मला काही कळलं नाही. आज "खातेवाड" आलं असतं.

याद्या वाचताना

दोन वह्या दोन कमांडने दिसतात: डीबीटू लिस्ट नोड डिरेक्टरी, आणि डीबीटू लिस्ट डीबी डिरेक्टरी.

नोडच्या यादीत गुहागरच्या नोंदीत नोडचं नाव, प्रोटोकॉल, होस्ट आणि सर्व्हिसच्या जागी पोर्ट दिसेल. आणि मध्येच एक ओळ: डिरेक्टरी एन्ट्री टाइप, लोकल. इथे प्रत्येक नवीन माणूस थबकतो. "सर, मी रिमोट लिहिलं होतं, हा लोकल म्हणतोय!" तो लोकल आहे नोंदीबद्दल: ही ओळ इथे, याच यंत्रावर लिहिलेली आहे. सर्व्हर जवळ आहे असं तो म्हणत नाही. सोडून द्या.

डेटाबेसच्या यादीत मात्र तीच ओळ कामाची आहे. "रिमोट" असेल तर डेटाबेस नोडवरून येतो, आणि खाली नोडचं नाव दिसतं. "इनडायरेक्ट" असेल तर डेटाबेस याच यंत्रावर आहे. दूरचा म्हणून नोंदवलेला डेटाबेस इनडायरेक्ट दिसत असेल, तर तुम्ही "अॅट नोड" विसरलात आणि डीबीटू त्याला घरातच शोधतोय.

या वह्या इन्स्टन्सच्या मालकीच्या असतात. एकाच यंत्रावर दोन इन्स्टन्स असतील तर दोन जोड्या. शेजारच्याला दिसतं आणि मला दिसत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच.

आकडा वाचा

कनेक्ट झालं नाही की लोक सगळ्या नोंदी पुसून पुन्हा लिहायला बसतात. त्याआधी एररचा आकडा वाचा. साखळी कुठल्या कडीला तुटली ते तो सांगतो, आणि कड्या मोजक्याच आहेत.

१०१३ आला, म्हणजे तुम्ही घेतलेलं नाव तुमच्याच डेटाबेसच्या वहीत नाही. सर्व्हरपर्यंत तुम्ही गेलेलाच नाहीत. सोमवारचा आकडा हाच होता.

१०९७ आला, म्हणजे डेटाबेसची नोंद आहे, पण ती ज्या नोडकडे बोट दाखवते तो पत्त्यांच्या वहीत नाही. एक तर नोडचं नाव लिहिताना चुकलं, किंवा कुणी नोड पुसला. नोड पुसला तरी त्याच्यावर टेकलेल्या डेटाबेसच्या नोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत, त्या तशाच लटकत राहतात.

१३३६ म्हणजे होस्टचं नाव कुणाला ओळखू येत नाहीये. स्पेलिंग बघा, हवं तर होस्ट्स फाइल बघा.

३००८१ हा सगळ्यांत जास्त भेटणारा. वह्या दोन्ही ठीक, पत्ता मिळाला, पण तिकडून बोलणं जमत नाही. याच्या पोटात आणखी एक आकडा असतो, तो शोधा. विंडोजवर १००६१ किंवा लिनक्सवर १११ असेल तर यंत्र आहे पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही: पोर्ट चुकलाय किंवा डीबीटू बंद आहे. १००६० असेल तर उत्तरच आलं नाही: फायरवॉल, तुटलेलं नेट, किंवा बंद पडलेलं यंत्र.

३००६१ आला तर आनंद माना. तुम्ही सर्व्हरच्या दारात पोचलात, आणि आतून कुणीतरी सांगतंय, "या नावाचं इथे कुणी राहत नाही." म्हणजे कॅटलॉग करताना "अॅज"च्या आधी लिहिलेलं नाव तिकडच्या वहीत नाही. बारीक गोष्ट अशी, की तिकडेही वही असते. तुम्ही लिहिता ते नाव म्हणजे खरं तर तिकडचं एलियस. डेटाबेस जन्मतो तेव्हा नाव आणि एलियस एकच असतात म्हणून फरक दिसत नाही. पण तिकडच्या माणसाने बॅकअपवरून नव्या नावाने डेटाबेस उभा केला आणि जुनं नाव एलियस म्हणून लावलं, की तो फरक दिसायला लागतो. त्याला विचारताना "डेटाबेसचं नाव काय" असं विचारू नका. "तुमच्या लिस्ट डीबी डिरेक्टरीत एलियसच्या पुढे काय दिसतंय" असं विचारा.

३००८२ आणि कारण २४ म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकला. नोड, एलियस, पोर्ट सगळं बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

मला विचाराल तर १०१३ आणि ३००६१ मधला फरक समजला की निम्मं काम झालं. दोन्ही म्हणतात "नाव सापडलं नाही". पहिला म्हणतो तुझ्या वहीत नाही, दुसरा म्हणतो माझ्या वहीत नाही.

चिपळूणचा सर्व्हर रत्नागिरीत

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. शाखेचा सर्व्हर तळमजल्यावर होता, त्याचं काय झालं ते सांगायला नको. बॅकअप रत्नागिरीला होता. तिथेच दुसऱ्या यंत्रावर डेटाबेस उभा केला. प्रश्न उरला जोडण्यांचा: रोजच्या अहवालांच्या स्क्रिप्ट, हिशेबनिसांची यंत्रं, माझी स्वतःची कामं, सगळीकडे "खातेचि" लिहिलेलं.

प्रत्येक यंत्रावर एवढंच करायचं होतं:

डीबीटू अनकॅटलॉग नोड चिपळूण

आणि त्याच नावाने, नव्या पत्त्यावर, पुन्हा कॅटलॉग. मग टर्मिनेट. डेटाबेसची नोंद हलवली नाही, स्क्रिप्टमधलं एक अक्षर बदललं नाही. नोडचं नाव तेच असल्यामुळे लटकलेल्या नोंदी पुन्हा टेकल्या. त्या आठवड्यात कौतुक करावं अशा फारच थोड्या गोष्टी होत्या, त्यातली ही एक.

पण तेव्हापासून आमच्याकडे "चिपळूण" नावाचा नोड रत्नागिरीतल्या खोलीकडे बोट दाखवतो. नवीन माणूस दर वेळी विचारतो, हे चुकलंय का? मी म्हणतो, आपल्याकडे गुहागरकर गुहागरातच राहतात का? तीन पिढ्या गिरगावात काढल्या तरी आडनाव तेच. "कर" म्हणजे मूळ कुठलं ते कळतं, आज कुठे राहतात ते नाही. पत्ता हवा असेल तर वही उघडून बघावा. तरीही आज पहिल्यापासून करायचं झालं, तर नोडला मी गावाचं नाव देणार नाही. कामाचं देईन, शाखेच्या क्रमांकाचं देईन. गाव एलियसमध्ये चालतं, कारण तिथे ते शाखेबद्दल बोलतं. नोडमध्ये ते यंत्राच्या जागेबद्दल बोलतंय असं वाटतं, आणि यंत्रं हलतात.

जिथे या वह्या लागतच नाहीत

जावाचे प्रोग्रॅम आणि डीबीव्हरसारखी साधनं बहुधा थेट होस्ट, पोर्ट आणि डेटाबेसचं नाव मागतात. ती या वह्या उघडतही नाहीत. तिथे एलियस टाकलात तर तो जसाच्या तसा सर्व्हरकडे जातो, आणि सर्व्हर म्हणतो असा डेटाबेस नाही. त्या चौकटीत "खाते"च लिहायचं. कमांड लाइनवर चालणारं नाव तिथे का चालत नाही, याचं कोडं यात आहे.

ओरॅकलवाल्यांकडे हेच काम बहुधा "टीएनएसनेम्स" नावाची एक फाइल करते, पोर्ट बहुधा १५२१. तिथे पत्ता आणि डेटाबेस एकाच नोंदीत असतात, दोन वह्या नाहीत. पोस्टग्रेसमध्ये सर्व्हिस फाइल आहे, पोर्ट ५४३२. नाव ठेवणारे तिथेही तुम्हीच.

मुलीने त्या दिवशी दुपारपर्यंत चारही शाखा जोडल्या आणि याद्यांचा फोटो पाठवला. प्रत्येक नोंदीला शेरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

"सर, खातेगुह लागत नाहीये. ३००८१, आत १००६०. माझ्या वह्या बघितल्या, दोन्ही बरोबर आहेत. पत्ता पण तोच. मी काही पुसलेलं नाही."

"मग?"

"गुहागरला फोन केला. रात्रीपासून लाईट नाही, यूपीएस पण गेला म्हणतायत."